एका चिठ्ठीचा डबा

निम्मं दूध पोरीच्या पोटात गेलं होतं, तेव्हा वैशाली दारातून ओरडली, "थांबा! ती बाटली देऊ नका!"

बाटली माझ्या हातात होती. सिस्टरच्या हातात सिरिंज, सिरिंजला बारीक नळी, आणि ती नळी सुनंदाच्या मुलीच्या नाकातून पोटात गेलेली. पोरगी अकराशे ग्रॅमची. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या पोरांना नाव नसतं, आईच्या नावाची पट्टी पायाला बांधतात. सिस्टरनं सिरिंजचा दट्ट्या मागं ओढला. जेवढं परत आलं तेवढं आलं.

"ही खेप मी सकाळीच रद्द केलीय," वैशाली म्हणाली. ती आमच्या प्रयोगशाळेतली. "ताटलीत जंतू उगवलेत. फेकायच्या बाटल्या न्यायला आले तर कप्पा निम्मा रिकामा."

"रद्द केली तर कम्प्युटरवर हिरवं कसं?" सिस्टर म्हणाली. "मी बघूनच बाटली काढलीय."

"मला पण हिरवंच आलं. 'नोंद झाली' असं."

दोघीही खरं बोलत होत्या. मी तिथं उभी होते, मला माहीत आहे.

मी लहान मुलांच्या दवाखान्यात आया होते, दूध बँकेत. ज्या बायांना दूध जास्त येतं त्या आमच्याकडं देऊन जातात, आणि ज्या पोरांच्या आयांना येत नाही त्यांना आम्ही ते पाजतो. तीन-चार बायांचं दूध एकत्र केलं की त्याला खेप म्हणायचं. खेप तापवायची, गार करायची, थोडं वैशालीकडं तपासायला द्यायचं; ती ते ताटलीत घालून जंतू उगवतात का बघते. पहिल्या दिवशी ताटली साफ दिसली की बाटल्या सुटतात, कारण दूध कमी आणि पोरं जास्त. पण ताटली आणखी एक दिवस ठेवतात. उशिरा काही उगवलं तर वैशाली कम्प्युटरवर खेप रद्द करते, आणि मग कुठल्याही खोलीत ती बाटली तपासली की लाल दिसते. दिसायला पाहिजे. त्या दिवशी दिसली नाही.

वैशाली रडत कम्प्युटरकडं धावली. "पुन्हा रद्द करते, आत्ता करते."

"हात लावू नका."

पॅसेजच्या पलीकडच्या खोलीतून मुजीबभाई आले होते. कम्प्युटरचं सगळं काम त्यांचं. आवाज चढवलेला मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नव्हता. त्यांनी वैशालीची खुर्ची हातानं मागं सरकवली, खिशातून छोटी वही काढली आणि घड्याळात बघून वेळ लिहिली.

मला संताप आला. "पोर तिकडं मरायला टेकलंय अन् तुम्ही लिहीत बसलाव?"

"खेपेच्या बाटल्या किती होत्या, कौसाबाई?"

"सहा."

"कुठंकुठं आहेत?"

"तीन फ्रीजरात. एक खाली फ्रीजमधी. एक ही माझ्या हातात."

"पाच झाल्या. सहावी सांगा, मग शिव्या द्या."

सहावी कुणालाच माहीत नव्हती. सकाळच्या पाळीच्या बाया घरी गेल्या होत्या. मुजीबभाईंनी वैशालीला समजावलं. खेप रद्द झाली की मशीन तिच्या सगळ्या बाटल्यांपुढं 'फेकली' असं आपोआप लिहितं. वैशालीनं पुन्हा बटण दाबलं असतं तर या वेळी ते चाललं असतं, आणि सहावी बाटलीही कागदावर फेकली गेली असती. त्यांनी आधी यादी काढली. सहावी बाटली दहा वाजता वरच्या मजल्यावर गेली होती. परवीनच्या मुलीला.

जिने मी चढले. गुडघे माझे तेव्हाच गेलेले होते, तरी मी सगळ्यांच्या पुढं होते. वरच्या पोरीनं चार तासांपूर्वी अख्खी बाटली घेतली होती आणि ती गुलाबी होऊन झोपली होती. कुणाला काही संशय येण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. डॉक्टरांनी खालच्या पोरीबरोबर तिलाही लगेच औषध चालू केलं. यादी नसती तर संध्याकाळी ताप चढल्यावर कळलं असतं.

मुजीबभाई छावणी भागात राहणारे. वय पन्नाशीचं, उंच, थोडे वाकलेले, शर्टाची सगळी बटणं लावलेली. बुडाखाली घ्यायला एक उशी घरून आणलेली होती, ती ते रोज संध्याकाळी कपाटात कुलपात ठेवायचे. उशी कोण चोरणार, असं मी एकदा विचारलं. "तुम्ही," म्हणाले. "तुमची नजर आहे तिच्यावर." होतीच.

पहिल्यांदा बोलणं झालं ते भांडणानंच. बाटल्यांचा कम्प्युटर बंद पडला म्हणून मी सांगायला गेले. त्यांनी चार प्रश्न विचारले. काय करत होता? कुठपर्यंत आलं होतं? काय दिसलं? आणि त्यानंतर कशाकशाला हात लावला?

"मी कशाला हात लावू? चोर समजता का मला?"

"नाय हो कौसाबाई. चुकीच्या नंतर माणूस जे करतो, त्यानं पहिली चूक पुसली जाते. म्हणून विचारतो. डॉक्टरांना पण हेच विचारतो."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"ते पण चिडतात."

त्या माणसाला एक खोड होती. कुठल्याही गोष्टीला 'झालं' म्हणायचा नाही. शेवटचा घास तोंडात असताना "जेवण झालं का?" विचारलं तर "होतंय" म्हणायचा. डबा धुवून, पालथा घालून आला की मग "झालं." 'ठीक आहे' या शब्दावर तर खार होता. सिस्टर म्हणाली, फ्रीजर ठीक आहे, की हे म्हणायचे, "ठीक म्हणजे काय? काय बघितलं ते सांगा." मग सिस्टर तणतणत जाऊन काटा बघून यायची. त्यांच्या बायकोनं मला एकदा ईदला घरी बोलावलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "हमारे इनको पूछो मत, गॅस बंद है क्या. छावणीच्या गेटावरून परत येतात बघायला." त्यावर मुजीबभाई म्हणाले, "दोनदा चालू सापडला." ती म्हणाली, "वीस साल में दो बार!" ते म्हणाले, "म्हणजे सापडला." ती माझ्याकडं बघून कपाळाला हात लावून आत गेली आणि शीरखुर्मा घेऊन आली.

दुसरी सवय वहीची. वाईट बातमी आली की आधी लिहायची, मग बोलायचं. भाऊ पडला, असा फोन आला तेव्हाही त्यांनी आधी वेळ लिहिली आणि मग उठले. मला ते दगडासारखं वाटायचं. एकदा तोंडावर म्हणाले मी, की तुम्हाला काळीज नाही. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "नंतर माणूस आपल्या सोयीनं आठवतो. मी पण तसाच आहे. म्हणून लिहितो."

तर असा माणूस. तोंडानं कधी न बघता 'झालं' म्हणाला नाही, आणि त्याच्या मशीननं म्हटलं. हे त्याला किती लागलं असेल ते तुम्हीच बघा. मी काही त्यावर रडणार नाही.

दोन दिवस ते खोलीतून निघाले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा नेला तर पॅसेजमधल्या बाकावर बसले होते. "सापडलं," म्हणाले.

"मला कळंल असं सांगा. मी चौथी पास आहे."

"चौथी पुरते." त्यांनी चहाचा कप बाकावर ठेवला. "मशीनला मी पायऱ्या लिहून देतो. ही कर, मग ती कर. प्रत्येक पायरी झाली की ती एक चिठ्ठी डब्यात टाकते. जमलं, नाहीतर जमलं नाही. आम्ही त्याला व्हेरिएबल म्हणतो, तुम्ही डबा म्हणा. हा डबा मशीनच्या भाषेतच असतो, मी केलेला नाही. त्यात एकच चिठ्ठी मावते. नवी आली की जुनी बाहेर."

"बरं."

"पहिली पायरी, खेप रद्द कर. त्या वेळेला फ्रीजरच्या खोलीत कुणीतरी त्याच खेपेची नोंद उघडी ठेवून गेलं होतं, म्हणून मशीनला तिथं लिहिता आलं नाही. डब्यात चिठ्ठी पडली, जमलं नाही. दुसरी पायरी, कुणी किती वाजता बटण दाबलं ते रजिस्टरात लिही. ते लिहिलं गेलं. डब्यात चिठ्ठी पडली, जमलं. मग मी डबा उघडून बघितला."

"जमलं."

"हिरवं."

मी विचार केला. "मग पहिली पायरी झाल्याबरोबर का नाही बघितलं डब्यात?"

"आधी तसंच होतं. मग वरून सांगितलं, कोण काय करतं त्याची नोंद ठेवा. मी ती ओळ घातली. दोन ओळींच्या मधे जागा दिसली, तिथं घातली." बोटानं त्यांनी बाकावर दोन रेघा ओढल्या आणि मधे एक टिंब दिलं. "इथं. एक ओळ."

'असू द्या' म्हणण्यासारखं ते नव्हतं.

त्याच दिवशी चारला मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. मी दाराशी उभी होते, कारण बाटली माझ्या हातातली. कागद तयार होता. त्यात लिहिलं होतं की खेप रद्द करायचं वैशालीकडून राहून गेलं. वैशाली खाली मान घालून बसली होती. लग्न ठरलेली पोरगी.

मुजीबभाई उभे राहिले. "तिनं बटण दाबलं होतं. रजिस्टरात वेळ आहे, नऊ वाजून बारा मिनिटं. मशीन खोटं बोललं."

"मशीन खोटं बोलत नसतं," मोठे डॉक्टर म्हणाले.

"हौ साहेब. मी शिकवलं. ती ओळ माझी आहे."

"मुजीब, तुम्ही कंत्राटावर आहात. जरा विचार करून बोला."

"दोन दिवस केला साहेब."

कागद बदलला गेला. बाहेर आल्यावर वैशाली त्यांच्या पाया पडायला वाकली तर दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, "तुम्ही फक्त एक सांगा. 'नोंद झाली' आल्यावर परत उघडून का नाही बघितली?" वैशाली म्हणाली, "हिरवं आलं ना सर." ते म्हणाले, "हौ. बरोबर आहे तुमचं," आणि खोलीत गेले.

चौथ्या दिवशी दुपारी सुनंदाची मुलगी गेली.

डॉक्टर म्हणाले, दुधानंच गेली असं म्हणता येत नाही, आणि दुधानं गेली नाही असंही म्हणता येत नाही. पोरगी आधीपासून नाजूक होती, डोक्यात रक्तस्रावही झालेला. मी तिला पुसलं, कपड्यात गुंडाळलं आणि सुनंदाच्या मांडीवर दिली. मग मुजीबभाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यांनी वही काढली, वेळ लिहिली. पेन खाली ठेवलं.

"वरची?"

"हाय. ताप हाय."

"किती?"

मी परत जिना चढून आकडा आणला. त्या दिवशी मी कुरकुर केली नाही.

पुढचे दिवस ते नवीन लिहीत होते. खरं तर रोज मलाच छळत होते. "कौसाबाई, बाटली उचलताना तुम्हाला काय कळायला पाहिजे?"

"देऊ का नको, एवढंच."

"आणि नको असेल तर?"

"तर कुणाला हाक मारू."

ते त्यांनी एका कागदावर लिहून घेतलं. मग एकाच्या जागी पाच डबे केले. एकात कुठली पायरी अडली. एकात कुठली खेप. एकात मशीन त्या चुकीला देतं तो नंबर. एकात त्यांच्यासाठी लांबलचक इंग्रजी. एकात आमच्यासाठी मराठी. इंग्रजीचा डबा आधी आमच्याच पडद्यावर दाखवत होते. मी म्हटलं, यातलं निम्मं तुमचं तुमच्याशी बोलणं हाय, ते तुमच्याजवळ ठेवा. हसले. त्या आठवड्यात एकदाच हसले. मशीनच्या डब्यात चिठ्ठी पडली रे पडली की तिची नक्कल आधी आपल्या डब्यात उतरवायची, मगच रजिस्टर आणि बाकीचं. आणि आपल्या डब्यातली पहिली वाईट चिठ्ठी नंतरच्या कुणीच काढायची नाही. हे सगळं त्यांनी मला असं सांगितलं की जणू मीच उद्यापासून लिहिणार आहे.

एका गोष्टीवर मात्र अडले होते. काम सुरू व्हायच्या आधी डब्यात काय असावं?

"रिकामा ठेवा," मी म्हटलं.

"रिकामा ठेवता येतो, पण रिकाम्याचा अर्थ काय धरायचा? आमच्यात पद्धत आहे, सुरुवातीला शून्य ठेवायचं. शून्य म्हणजे सगळं बरोबर. मग चूक झाली तर बदलायचं."

मला ते येड्यासारखं वाटलं आणि मी तसं म्हटलं. "काही करायच्या आधीच बरोबर कसं? मी पाळण्यापाशी गेले की पोर उपाशीच धरते. तक्त्यावर सही नाही म्हणजे पाजलं नाही. कुणी तोंडानं म्हणालं पाजलंय, तर विचारते, कुणी पाजलं, किती घेतलं. ते कळंपर्यंत पोर उपाशी."

मुजीबभाई माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, चिडले. ते म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहिलं, शब्दाला शब्द. त्या वहीत वाईट बातमी सोडून दुसरं काही लिहिलेलं मी तेव्हाच पाहिलं.

मग डब्यात सुरुवातीला 'माहीत नाही' ठेवलं. सगळ्या पायऱ्या झाल्या, मशीननं खेप परत उघडून बघितली आणि ती खरंच रद्द दिसली, तरच 'झालं'. अधेमधे वीज गेली, कुणी उठून गेलं, काहीही झालं तरी डब्यात 'माहीत नाही' राहतं आणि 'माहीत नाही' असेल तर पडदा लाल. त्यांच्यासारख्या हुशार माणसाला हे आधी सुचायला पाहिजे होतं, असं मी म्हटलं. "हौ," म्हणाले. "पाहिजे होतं."

मग त्यांनी मला मशीनसमोर बसवलं, वैशालीला दुसऱ्या खोलीत मुद्दाम नोंद उघडी ठेवायला लावली आणि मला म्हणाले, दाबा. मी दाबलं. पडदा लाल झाला. मी मोठ्यानं वाचलं. "खेप रद्द झाली नाही. पहिल्या पायरीवर अडलं. फ्रीजरच्या खोलीत हीच नोंद उघडी आहे. या खेपेची एकही बाटली देऊ नका. वैशालीला बोलवा."

"कळलं का?"

"कळलं. पण 'एकही बाटली देऊ नका' हे सगळ्यात वर टाका. बाटली हातात असल्यावर माणूस खालपर्यंत वाचत नाही."

त्यांनी ते वर टाकलं.

दहाव्या दिवशी सुनंदा आली. एकटीच, घरच्यांना न सांगता रिक्षानं गारखेड्याहून. मला म्हणाली, "मावशी, अंगात दूध दाटलंय. मोरीत पिळून टाकवत नाही." मी तिला पडद्यामागं बसवलं, हात धुवायला लावले, बाटली दिली. असं करणाऱ्या बाया असतात. मी त्यांना काही विचारत नाही आणि शहाणपण सांगत नाही.

ती बाहेर आली तर पॅसेजमध्ये मुजीबभाई उभे. त्यांना कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. मी डोळ्यांनी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

"ताई, तुमच्या मुलीला जी बाटली दिली, ती मशीननं थांबवायला पाहिजे होती. मशीनला सांगणारी ओळ माझी होती. ती चुकली होती. हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगतो."

सुनंदाच्या हातात पिशवी होती, ती तिनं छातीशी धरली. मग म्हणाली, "मला त्या मशीनचं काय कळत नाय. पुन्हा व्हईल का असं?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नाही होणार, शपथेवर सांगतो. मुजीबभाई म्हणाले, "या वाटेनं होणार नाही. दुसऱ्या वाटेचं मला माहीत नाही. शोधतोय."

सुनंदानं मान हलवली. माझ्याकडं वळली. "मावशी, परवा येऊ का पुन्हा?"

"ये," मी म्हटलं.

ती पंधरा दिवस येत होती. मुजीबभाई पुन्हा तिच्यासमोर गेले नाहीत.

त्यांचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. कुणी हाकललं असं नाही, कागद पुढं सरकलाच नाही, एवढंच. मोठ्या डॉक्टरांनी हातात गुच्छ देऊन फोटो काढला. त्या दिवशी दुपारी ते वरच्या मजल्यावर आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. बायकांचा वॉर्ड, म्हणून यायचे नाहीत. चपला बाहेर काढल्या आणि काचेपाशी उभे राहिले. आत परवीनची आई नातीला मांडीवर घेऊन तेल चोळत होती. दौलताबादची बाई, आवाज किल्ल्यावर जाईल असा.

"कौन हैं जी वो? कायकू खडे हैं बाहर?"

"कम्प्युटरवाले आहेत," मी म्हटलं.

"तो अंदर बुलाव ना! बच्ची को देख लेंगे."

मी दार उघडलं. मुजीबभाईंनी हात हलवला. "नको. मला सर्दी आहे," म्हणाले. सर्दी नव्हती. पोरीनं तेवढ्यात तोंड वेडंवाकडं करून जोरात भोकाड पसरलं आणि तिची आजी "हौ गे माय, हौ" करत तिला उलटी करून पाठ चोळायला लागली. मुजीबभाई थोडा वेळ बघत राहिले. मग खाली बसून सावकाश चपला घातल्या, भिंतीला धरून उठले आणि जिना उतरून गेले. त्यानंतर मला ते दिसले नाहीत. यंदा ईदच्या आधी वारले, असं वैशालीनं फोन करून सांगितलं.

परवीनची मुलगी जगली. शाळेत जाते.